इंजिनातून येणारी फुसफुस: आवाज कधी येतो ते आधी पाहा, पार्ट नंतर बदला

लक्षणं

बॉनेटखालून ‘स्स्स’ आवाज येतोय, एवढ्यावरून दोष सांगणं कुणालाच शक्य नाही. हवा आत ओढली जाणं, दाबाखालची हवा बाहेर निसटणं, गरम कूलंटची वाफ होणं आणि एसीचा गॅस नळीतून वाहणं, या सगळ्यांचा आवाज कानाला जवळपास सारखाच लागतो. फरक असतो तो वेळेत. म्हणून माझ्याकडे फुसफुसणारी गाडी आली की मी ‘आवाज कुठून येतो’ हे विचारायच्या आधी ‘कधी येतो’ हे विचारतो. त्या एका उत्तराने निम्मी शोधाशोध वाचते. खालच्यापैकी तुमची गाडी कुठे बसते ते आधी बघा.

– इंजिन चालू, गाडी उभी, आणि सलग फुसफुस. रेस दिली की आवाज कमी होतो किंवा बदलतो. आयडलिंग (रेस न देता इंजिन चालतं तो वेग) वर-खाली होतं, कधी सिग्नलला गाडी बंद पडते, चेक इंजिनचा दिवा लागतो. ही व्हॅक्यूम लीकची, म्हणजे फटीतून इंजिनात जादा हवा ओढली जाण्याची लक्षणं. पेट्रोल गाड्यांमध्ये सगळ्यात जास्त वेळा हेच निघतं.

– बराच वेळ चालवून गाडी थांबवल्यावर किंवा बंद केल्यावर फुसफुस, सोबत वाफ, गोडसर वास, खाली ओलावा. हे कूलंट.

– फक्त वेग घेताना किंवा चढावर आवाज, उभ्या गाडीत काहीच नाही. पिकअप पडलेला, डिझेल असेल तर काळा धूर. टर्बोच्या (इंजिनात दाबाने हवा भरणाऱ्या पंपाच्या) पाइपांकडे बघा.

– सकाळी थंड इंजिन सुरू केल्यावर ठेक्यात येणारा ‘फस्-फस्’ आवाज, जो इंजिन तापल्यावर कमी होतो. एक्झॉस्ट लीक, म्हणजे जळलेला गॅस सायलेन्सरच्या वाटेत मधेच निसटतोय.

– ब्रेक पेडल दाबून धरलं की पायाजवळ सलग फुसफुस. ब्रेक बूस्टर, म्हणजे व्हॅक्यूमच्या ओढीने ब्रेकला जोर देणारा डबा.

– चरचर आणि जळक्या तेलाचा वास. टॅपेट कव्हरच्या (इंजिनवरच्या झाकणाच्या) पॅकिंगमधून गळणारं ऑइल गरम एक्झॉस्टवर पडतंय.

– एसी चालू असताना डॅशबोर्डच्या आतून किंवा इंजिन बंद केल्यावर थोडा वेळ मंद फुसफुस, आणि थंडावा व्यवस्थित. हा दोषच नाही. एसी बंद झाला की जास्त दाबाच्या बाजूचा गॅस एक्स्पान्शन व्हॉल्व्हमधून कमी दाबाच्या बाजूला सरकतो आणि दोन्हीकडचा दाब सारखा होईपर्यंत आवाज येत राहतो. यासाठी पैसे खर्च करू नका.

तपासणीला हात घालण्याआधी

तीन परिस्थितींत बॉनेट उघडून शोधाशोध करायची नाही.

पहिली: तापमानाचा काटा लाल पट्ट्यात आहे किंवा बॉनेटमधून वाफ येते आहे. गाडी बाजूला घ्या, एसी बंद, इंजिन बंद. रेडिएटरचं किंवा कूलंटच्या टाकीचं टोपण उघडू नका, कापड धरूनसुद्धा नाही. आतलं कूलंट दाबामुळेच उकळायचं थांबलेलं असतं. टोपण सैल झालं की दाब एका क्षणात जातो आणि सगळं कूलंट उकळून चेहऱ्यावर आणि हातांवर उडतं. रेडिएटरचा वरचा जाड होज हाताला कोमट लागेपर्यंत थांबायचं, आणि त्याला अर्धा-पाऊण तास सहज लागतो. तापलेल्या इंजिनवर गार पाणीही ओतायचं नाही. त्याने हेडला (इंजिनाच्या वरच्या भागाला) तडा जाऊ शकतो.

दुसरी: फुसफुसीबरोबर पेट्रोलचा किंवा गॅसचा वास येतोय. सीएनजीच्या सिलिंडरमध्ये गॅस साधारण २०० बार दाबाने भरलेला असतो. तिथे ‘जरा ऐकून बघतो’ हा विचारही नको. इंजिन बंद करा, सगळ्यांना उतरवून लांब न्या. सिलिंडरचा हाताने फिरवायचा व्हॉल्व्ह सहज हाताशी असेल तरच बंद करा. परत चावी फिरवू नका आणि सीएनजीचं काम जाणणाऱ्या माणसालाच बोलवा.

तिसरी: ब्रेक पेडल दगडासारखं कडक झालंय. गाडी हलवायची नाही. कारण पुढे बूस्टरच्या भागात येईल.

बाकी वेळी बॉनेट उघडाल तेव्हा ओढणी, सैल बाही, अंगठी, मोकळे केस पट्ट्यापासून आणि पंख्यापासून लांब ठेवा. रेडिएटरचा इलेक्ट्रिक पंखा इंजिन बंद असतानाही अचानक सुरू होऊ शकतो.

पहिली तपासणी: नुसतं ऐकणं

याला काहीच लागत नाही, आणि नेमकं हेच लोक टाळतात. इंजिन थंड असताना सुरू करा, एसी आणि ब्लोअर बंद ठेवा, खिडक्या उघडा. दोन मिनिटं शांतपणे ऐका. मग एसी चालू करा, परत बंद करा. मग ब्रेक दाबा, सोडा. मग कुणाला तरी हळूहळू रेस द्यायला सांगा. प्रत्येक वेळी आवाज वाढला, कमी झाला की तसाच राहिला ते लिहून ठेवा. गाडी पुढे मेकॅनिककडे न्यायची वेळ आली तर हा कागद बराच उपयोगी पडेल.

जागा शोधायला रबरी नळीचा हातभर तुकडा घ्या. एक टोक कानाशी धरा आणि दुसरं टोक इंजिनच्या वरच्या भागातून सावकाश फिरवा. बॉनेटखाली आवाज सगळीकडून घुमतो आणि नुसत्या कानाला तो भलत्याच बाजूने आल्यासारखा वाटतो. नळीच्या टोकासमोर मात्र फक्त समोरचाच आवाज येतो. लीकच्या दोन बोटं जवळ टोक गेलं की आवाज एकदम मोठा होतो, ते चुकत नाही. टोक पट्ट्याजवळ जाऊ देऊ नका.

दुसरी: कूलंट आणि टोपण

इंजिन पूर्ण थंड असताना टाकीतली पातळी बघा. किमान रेषेखाली असेल तर कूलंट कुठेतरी जातंय. ते उगाच ‘आटत’ नाही, बंद सिस्टिम आहे ती. होजच्या टोकांशी, रेडिएटरच्या प्लॅस्टिक टाकीच्या कडेला, वॉटर पंपाच्या खाली पांढरट, हिरवट किंवा गुलाबी वाळलेले डाग दिसतात का ते टॉर्चने बघा. गरम इंजिनवर गळती लगेच वाळून जाते, त्यामुळे जमिनीवर थेंब नसला तरी डाग राहतो.

मग टोपण. हा सगळ्यात स्वस्त पार्ट आणि सगळ्यात दुर्लक्षित. निम्मं कूलंट आणि निम्मं पाणी असं मिश्रण उघड्यावर साधारण १०७ अंश सेल्सिअसला उकळतं. टोपण सुमारे १ बारचा जादा दाब धरून ठेवतं, त्यामुळे तेच मिश्रण १२५ अंशांच्या पुढे जाईपर्यंत उकळत नाही. अनेक टोपणांवर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो, तो हाच दाब. टोपणाचं रबर कडक झालं, चिरलं किंवा स्प्रिंग ढिली पडली की दाब आधीच निसटतो, कूलंट नेहमीच्याच तापमानाला उकळायला लागतं आणि टाकीच्या तोंडाशी फुसफुस सुरू होते. इंजिनात काहीच बिघडलेलं नसतं. नवीन टोपण घेताना आकडा जुन्याइतकाच हवा. जास्त दाबाचं टोपण लावून ‘सुरक्षितता’ वाढत नाही. त्याने जुने होज आणि रेडिएटरची प्लॅस्टिक टाकी फुटते.

पंखाही आत्ताच बघून घ्या. बहुतेक गाड्यांत एसी चालू केला की रेडिएटरचा पंखा फिरायला लागतो. नाही फिरला तर फ्यूज आणि रिले बघा. रस्त्यावर ठीक आणि ट्रॅफिकमध्ये उभं राहिलं की फुसफुस, अशी तक्रार असेल तर मला आधी पंख्याचाच संशय येतो.

या टप्प्यावर थांबायची खूण: बाहेर कुठेही गळती नाही, तरी पातळी कमी होते. थंड इंजिन सुरू केल्यावर टाकीत सतत बुडबुडे येतात. होज काही मिनिटांतच टणक होतो. सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो आणि थांबत नाही, किंवा ऑइलच्या टोपणाखाली दुधट साय दिसते. यातलं एकापेक्षा जास्त जुळलं तर हेड गॅस्केट, म्हणजे हेडच्या खालचं पॅकिंग, गेल्याची शक्यता मोठी आहे. गाडी चालवत राहिलात तर हेड वाकतं. वर्कशॉपमध्ये रसायनाने कूलंटमध्ये एक्झॉस्टचा गॅस आहे का ते तपासता येतं. ती तपासणी झाल्याशिवाय हेड उघडायला परवानगी देऊ नका.

तिसरी: टोपणं, डिपस्टिक आणि एअर फिल्टरचा डबा

गाडी नुकतीच सर्व्हिसिंगहून आली आणि दुसऱ्या दिवसापासून फुसफुस सुरू झाली, तर इथेच बघा. ऑइल भरायचं टोपण नीट बसलंय का, डिपस्टिक पूर्ण आत आहे का, एअर फिल्टरच्या डब्याच्या सगळ्या क्लिपा लागल्या आहेत का, फिल्टरची रबरी कड दुमडून मध्ये अडकली आहे का. फिल्टर बदलताना डब्यापासून थ्रॉटलकडे (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेकडे) जाणारा पाइप थोडा ओढला जातो आणि क्लिप ढिली राहते. पाच मिनिटांचं काम आहे, एक स्क्रूड्रायव्हर पुरतो.

चौथी: व्हॅक्यूमचे पाइप

इथे वेळ घालवा.

पेट्रोल इंजिन आयडलिंगला असताना थ्रॉटलची झडप जवळजवळ बंद असते. पिस्टन हवा ओढत असतात आणि वाट अरुंद असते, म्हणून इनटेक मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांत) जोराचा व्हॅक्यूम तयार होतो. धडधाकट इंजिनात तो समुद्रसपाटीला पाऱ्याच्या साधारण १७ ते २२ इंचांइतका असतो. या ओढीवर ब्रेक बूस्टर, पीसीव्ही (इंजिनाच्या पोटातले गॅस परत नेणारा व्हॉल्व्ह) आणि पेट्रोलच्या टाकीची वाफ ओढणारी पर्ज लाइन चालते. यातल्या कुठल्याही पाइपला टाचणीएवढं भोक पडलं की हवा तिथून आत शिरते आणि फुसफुसते. रेस दिली की झडप उघडते, मॅनिफोल्डमधला व्हॅक्यूम कमी होतो, म्हणून आवाजही मंदावतो. डिझेल गाड्यांत मॅनिफोल्डमध्ये असा व्हॅक्यूम नसतो. तिथे ब्रेकसाठी वेगळा व्हॅक्यूम पंप असतो, म्हणून डिझेलमध्ये पंप, त्याचा पाइप आणि बूस्टर आधी बघायचे.

आवाजाचा त्रास दुय्यम आहे. खरा त्रास हा की चोरवाटेने शिरलेली हवा सेन्सरने मोजलेलीच नसते. ज्या गाडीत एअर फिल्टरजवळ हवा मोजणारा मास एअर फ्लो सेन्सर असतो, तिथे कॉम्प्युटर कमी हवा समजून कमी पेट्रोल सोडतो, मिश्रण पातळ होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी), इंजिन थरथरतं आणि स्कॅनरवर पी०१७१ हा कोड येतो. ज्या गाडीत मॅनिफोल्डमधला दाब मोजून हिशोब होतो, तिथे कोड बऱ्याचदा येतच नाही. फक्त आयडलिंग चढून बसतं. म्हणून ‘स्कॅनरवर काही नाही, म्हणजे लीक नाही’ हे खरं नाही.

इंजिन बंद ठेवून सुरुवात करा. एअर फिल्टर ते थ्रॉटल यामधल्या घड्यांच्या रबरी पाइपाकडे बघा. वरून तो नवा दिसतो. त्याला हळूच वाकवा आणि घड्यांच्या खाचांमधून, विशेषतः खालच्या बाजूने, बोट फिरवा. चीर जवळजवळ नेहमी खाचेच्या तळाशी असते आणि पाइप सरळ असताना तिचे ओठ मिटलेले असतात. वाकवलं की आतला स्वच्छ काळा रंग उघडा पडतो, बाहेरचा धुळीने राखाडी झालेला असतो. हा रंगातला फरक टॉर्चच्या उजेडात पटकन दिसतो.

मग बारीक पाइप एकेक करून हाताने दाबा. चांगलं रबर दबतं आणि परत येतं. कडक झालेलं रबर करकरतं, तर तेल पिऊन मऊ पडलेलं रबर चिकट लागतं. जिथे पाइप नळीवर बसतो ते टोक सगळ्यात आधी फाटतं. उंदरांनी कुरतडलेले पाइपही बरेच निघतात. दातांच्या खुणा आणि बारीक चुरा जवळच पडलेला असतो.

आता इंजिन सुरू करा. संशयित पाइप पकडीच्या जबड्यात कापड घालून हळूच चिमटा. फुसफुस थांबली, आयडलिंग सुधारलं, तर दोष त्या चिमट्याच्या पुढे, मॅनिफोल्डपासून लांबच्या बाजूला आहे. मग बाटलीतून साबणाच्या पाण्याचा बारीक फवारा जोडांवर मारा. व्हॅक्यूमच्या भोकापाशी फेस आत ओढला जातो आणि आवाज क्षणभर बदलतो. इग्निशन कॉइल, वायरिंगचे जोड आणि अल्टरनेटर यांच्यावर पाणी उडू देऊ नका. बरेच जण कार्ब्युरेटर क्लीनर मारून लीक शोधतात, कारण तो आत गेला की इंजिनाचा आवाज बदलतो. तो ज्वलनशील असतो आणि शेजारीच तापलेला एक्झॉस्ट असतो, म्हणून घरी ती पद्धत वापरू नका.

दुरुस्ती सहसा सोपी असते. पाइपाचं फक्त टोक फाटलं असेल आणि पाइपात थोडी ढील असेल, तर बोटाच्या पेरापेक्षा कमी तुकडा कापून टाका आणि परत बसवा. ही पक्की दुरुस्ती आहे, जुगाड नाही. पाइप मधे चिरला असेल तर बदला. बदलताना त्याच आतल्या मापाचा, व्हॅक्यूमसाठी किंवा इंधनासाठी बनवलेला पाइप घ्या. साधी पाण्याची नळी ओढीने चपटी होते आणि तेलाच्या वाफेने सुजते. इन्सुलेशन टेप वर्कशॉपपर्यंत पोचायला ठीक आहे, त्यापुढे नाही. उष्णतेने त्याचा गोंद पातळ होतो आणि आठवड्याभरात तीच फुसफुस परत.

क्लिप आवळताना रबर क्लिपच्या बाहेर फुगायला लागलं की थांबा. जास्त आवळलेली क्लिप रबर कापते आणि खालची नळी प्लॅस्टिकची असेल तर ती तडकते.

पाचवी: पीसीव्ही

इंजिनाच्या पोटात साठणारे गॅस परत इनटेकमध्ये नेणारा हा व्हॉल्व्ह. जुन्या पद्धतीचा सुटा व्हॉल्व्ह असेल तर काढून हलवा, आत खुळखुळ वाजलं पाहिजे. नवीन इंजिनांपैकी अनेकांत टॅपेट कव्हरमध्येच रबरी पडदा असतो. तो फाटला की कव्हरवरच्या छोट्या भोकातून हवा ओढली जाते आणि फुसफुस किंवा शिट्टी येते. भोकावर बोट ठेवलं की आवाज बंद होतो. ही तपासणी इतकी सरळ आहे की मी ती कधीच सोडत नाही.

भोक सापडत नसेल तर आयडलिंगला ऑइलचं टोपण सैल करा. ते चिकटून बसलं असेल, जोर लावून उचलावं लागत असेल आणि उघडल्यावर फुसफुस नाहीशी होत असेल, तर पडदा गेला. उलट टोपणातून जोराने धूर आणि हवा बाहेर येत असेल, तर तो पिस्टनच्या रिंगांच्या झिजेचा प्रश्न असू शकतो. तिथे थांबा आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब) तपासून घ्या.

सहावी: ब्रेक बूस्टर

इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा, ते कडक होईल. मग पाय तसाच दाबून ठेवून इंजिन सुरू करा. पेडल थोडं खाली गेलं पाहिजे. नाही गेलं तर बूस्टरला व्हॅक्यूम पोचत नाही. दुसरी चाचणी: इंजिन बंद करून काही मिनिटांनी पेडल दाबा. पहिला दाब मऊ लागला पाहिजे, कारण बूस्टर व्हॅक्यूम साठवून ठेवतो. तो कडक लागला तर बूस्टरच्या पाइपातला एकदिशा व्हॉल्व्ह व्हॅक्यूम धरत नाही.

पेडल दाबताना क्षणभर हवेचा आवाज येणं स्वाभाविक आहे. दाबून धरल्यावरही फुसफुस चालूच राहिली तर आतला पडदा फाटलाय. पाइप आणि एकदिशा व्हॉल्व्ह बदलणं हाताळता येतं. बूस्टरला मात्र घरी हात लावू नका. मास्टर सिलिंडर, पुश रॉडचं माप, ब्रेक ऑइल, सगळंच त्याला जोडलेलं आहे. आणि ही गाडी ‘बघू पुढच्या आठवड्यात’ म्हणून चालवायची नाही. व्हॅक्यूम गेला की ब्रेक लागतात, पण त्याच थांबण्यासाठी पायाला कितीतरी जास्त जोर लावावा लागतो.

सातवी: टर्बोचे पाइप

अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर येणारा एकच ‘फुस्स’ अनेक टर्बो गाड्यांत असतो, तो वाढलेला दाब सोडल्याचा आवाज आहे. वेग घेताना सलग फुसफुस आणि पिकअप नाही, हा दोष. कोड आला तर बहुधा पी०२९९, म्हणजे टर्बोचा दाब कमी. टर्बो ते इंटरकूलर (दाबलेली हवा गार करणारी जाळी) आणि इंटरकूलर ते इंजिन या पाइपांच्या जोडांवर तेलाने भिजलेली धूळ शोधा. पाइपात थोडं तेल असणं चालतं, जोडाबाहेर ओलं असणं म्हणजे तिथून हवा निसटते आहे. चीर दाबाखालीच उघडते, म्हणून पाइप इंजिन बंद असताना हाताने पिळून बघा. क्लिप आवळून किंवा रबरी रिंग बदलून बरीचशी प्रकरणं मिटतात. कॉम्प्रेसरची हवा थेट पाइपात सोडून तपासू नका. तिचा दाब टर्बोच्या दाबाच्या कितीतरी पट असतो. हे काम दाब नियंत्रित करणारी साधनं असलेल्या ठिकाणी करून घ्या.

आठवी: स्कॅनर

साधा ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडून आकडे वाचणारं यंत्र) असेल तर कोडपेक्षा फ्युएल ट्रिमचे आकडे बघा. कॉम्प्युटर ठरलेल्या मापापेक्षा किती टक्के पेट्रोल कमी-जास्त करतोय ते त्यात कळतं. इंजिन तापल्यावर आयडलिंगला शॉर्ट आणि लाँग ट्रिमची बेरीज घ्या, मग रेस २,५०० आरपीएमला स्थिर ठेवून परत घ्या. आयडलिंगला +२० आणि रेसवर शून्याच्या आसपास असेल, तर व्हॅक्यूम लीक जवळजवळ नक्की. शिरणारी चोरटी हवा तेवढीच असते, पण एकूण हवा वाढल्याने तिचा हिस्सा नगण्य होतो. दोन्हीकडे जास्त असेल किंवा रेसवर वाढत असेल, तर पेट्रोलचा दाब किंवा हवेचा सेन्सर बघावा लागेल. तिथे पाइप शोधत बसण्यात अर्थ नाही.

नववी: एक्झॉस्ट आणि प्लग

थंड इंजिन सुरू केल्यावर पहिल्या मिनिटात ऐका. धातू तापून फुगला की गॅस्केटची फट मिटते, म्हणून नंतर काही ऐकू येत नाही. इंजिन थंड असताना मॅनिफोल्ड आणि हेडच्या सांध्यावर काजळीचा काळा ओघळ दिसतो का ते बघा. इंजिन चालू असताना हात तिकडे नेऊ नका. मॅनिफोल्डचे गंजलेले स्टड पान्याने फिरवून बघायचा मोह टाळा. तुटलेला स्टड हेडमध्ये राहिला की छोट्या कामाचं मोठं काम होतं. मॅनिफोल्डचं काम सरळ वर्कशॉपचं.

एक्झॉस्टच्या गॅसमध्ये कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. गाडीत धुराचा वास येत असेल, डोकं जड होत असेल, तर खिडक्या उघडा, थांबा आणि दुरुस्ती होईपर्यंत ती गाडी वापरू नका. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून यातली कुठलीच तपासणी करायची नाही.

ठेक्यातला ‘फस्-फस्’ प्लगच्या जागेतूनही येतो. प्लग नीट आवळलेला नसला की कडेने गॅस निसटतो. थंड इंजिनवर, मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कलाच (आवळायच्या ठरलेल्या जोरालाच) आवळा. अ‍ॅल्युमिनियमच्या हेडमधले आटे जास्त जोराने लगेच जातात. डिझेलमध्ये असाच आवाज इंजेक्टरच्या खालच्या तांब्याच्या वॉशरमधून येतो आणि इंजेक्टरभोवती डांबरासारखा काळा थर जमतो. कॉमन रेल डिझेलमध्ये इंधनाचा दाब हजार बारच्या पुढे जातो आणि ती धार कातडीतून आत शिरते. तिथे पाना लावायचाच नाही.

सगळं बघूनही सापडत नसेल तर

स्मोक टेस्ट करून घ्या. इनटेकमध्ये अगदी कमी दाबाने धूर सोडतात आणि जिथून तो बाहेर येतो तिथे लीक. मॅनिफोल्डच्या खालची गॅस्केट, थ्रॉटलच्या मागची बाजू, कानाला आणि नजरेला न पोचणाऱ्या जागा यातच सापडतात. ही टेस्ट न करता कुणी मॅनिफोल्ड उतरवायला निघालं तर थांबवा. एसीच्या थंडाव्यात फरक पडला असेल आणि जोडांवर तेलकट डाग असेल, तर ते एसीवाल्याचं काम. तो गॅस कातडीवर पडला तर कातडी गोठवतो.

दुरुस्त केलेली फुसफुस परत का येते

पाइप बदलून काही महिन्यांत तोच पाइप पुन्हा फाटला, तर तिसऱ्यांदा पाइप आणू नका. इंजिन बंद करताना ते किती उसळतं ते बघा. इंजिन धरून ठेवणाऱ्या माउंटिंगचं रबर बसलं असेल तर इंजिन गदगदा हलतं आणि प्रत्येक झटक्याला इनटेकचा घड्यांचा पाइप ओढला जातो. माउंटिंग बदलल्याशिवाय कुठलाही पाइप टिकणार नाही. फाटलेला पाइप आतून तेलाने माखलेला असेल तर कारण पीसीव्हीत आहे. आणि एका वयाच्या गाडीत एक पाइप कडक होऊन फुटला, तर त्याच्या जोडीचे बाकीचेही त्याच उष्णतेत तेवढीच वर्षं राहिलेले असतात. एकाच वेळी सगळे बारीक पाइप बदलणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं.

कूलंटच्या बाबतीत, होज पुन्हा पुन्हा सुटत असेल तर टोपण दाब सोडतंय का ते तपासा. टोपण ठीक असेल तर वर्कशॉपमध्ये प्रेशर टेस्टरने सिस्टिमला टोपणावरच्या आकड्याइतका दाब देऊन दहा-पंधरा मिनिटं काटा स्थिर राहतो का ते बघून घ्या.

दुरुस्तीनंतर कोड पुसा आणि थंड, गरम, ट्रॅफिक, चढ अशा सगळ्या परिस्थितींत गाडी काही दिवस चालवा. मग पुन्हा ट्रिमचे आकडे घ्या. दोन्ही बाजूंना १० टक्क्यांच्या आत आले असतील आणि कूलंटची पातळी थंड इंजिनवर हलली नसेल, तर काम झालं. आवाज गेला पण ट्रिम अजून +१५ वर असेल, तर दुसरं भोक अजून आहे. चौथ्या तपासणीपासून परत सुरू करा.